सागरी कासव व शिंजीर

मुंबई उपनगर जिल्ह्यातील मढ येथील सागरकिनाऱ्यावर आढळणाऱ्या, परंतु जीवनक्रमाच्या दृष्टीने एकमेकांपासून अत्यंत भिन्न असलेल्या दोन पृष्ठवंशी (पाठीचा कणा असलेल्या) प्राण्यांची तुलना. यांतील सागरी कासव ऑलिव्ह रिडले या नावाने ओळखले जात असून त्याचे शास्त्रीय नाव लेपिडोकेलिस ऑलिव्हेसिया आहे. ते सरीसृप (सरपटणाऱ्या प्राण्यांच्या) वर्गातील केलोनिइडी कुलातले होय. जांभळा शिंजीर हा पक्षिवर्गाच्या नेक्टारिनीइडी कुलातील असून त्याचे शास्त्रीय नाव सिनिरिस एशियाटिकस असे आहे. सूर्यपक्षी या नावानेही तो परिचित आहे.

मढ हे मालाडच्या पश्चिमेस, अरबी समुद्र व मालाडची खाडी यांच्या दरम्यान पसरलेल्या चिंचोळ्या भूपट्टीवर वसलेले आहे. तिच्या दक्षिण टोकाला पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला असून खाडीच्या मुखापलीकडे वेसावे (वर्सोवा) आहे. भूपट्टीच्या समुद्राकडील बाजूस एरंगळ, अक्सा इ. ठिकाणी वाळूचे किनारे व खाडीकडील बाजूस तिवरांची वने आहेत. गावातील कोळी लोकांचा मुख्य व्यवसाय मासेमारीचा असून बोंबील, जवळा वगैरे पकडण्यासाठी ते डोल जाळ्याचा उपयोग करतात. नारळीच्या वाड्या, घरांभोवतालची जास्वंद व शेवगा, तसेच आंब्यावर वाढणारी बांडगुळे यांमुळे शिंजिराला येथे मकरंदाची वाण पडत नाही.

मंदगती व दीर्घायुषी प्राण्याचे उदाहरण म्हणून कासव आणि त्याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण म्हणून गुंजन पक्षी घेण्याचा प्रघात पाश्चात्त्य ग्रंथांत आढळतो. तथापि गुंजन पक्ष्यांच्या सर्व म्हणजे सु. ३६० जाती केवळ अमेरिका खंडांत व त्यांलगतच्या बेटांवर राहतात. भारतात त्यांतील एकही नाही. कोकणातील बागांत गुंजन पक्षी पाहिल्याचे जे सांगितले जाते, ते एक तर शिंजिरावरून किंवा संध्याकाळी फुलांसमोर हवेत स्थिर राहून मध पिणाऱ्या मोठ्या पतंगांवरून होय. गुंजन पक्षी पाकोळ्यांचे नातलग असून शिंजीर चिमणी, बुलबुल इत्यादींच्या गणातील आहे. म्हणजे बाकदार चोच, नळीसारखी जीभ व नराच्या पिसांवरील धातूसारखी झळाळी ही दोघांतील साम्ये समान पूर्वजाकडून आलेली नसून मकरंदावर जगण्याच्या समान गरजेतून स्वतंत्रपणे निर्माण झालेली आहेत. अशा घडामोडीस अभिसारी क्रमविकास म्हणतात. दोघांतील मुख्य भेद असा, की शिंजीर सहसा फांदीवर बसूनच फूल टोचतो आणि क्वचितच क्षणभर फुलापुढे तरंगतो. उत्तर अमेरिकेतील लालकंठी गुंजन पक्षी मात्र सेकंदास सु. ५० वेळा पंख हलवून हवेत स्थिर राहतो व मागेही उडू शकतो. उड्डाणाच्या वेळी त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटास १,२०० च्या घरात जातात. केवळ ३ ग्रॅ. वजनाचा हा पक्षी स्थलांतराच्या काळात मेक्सिकोच्या आखातावरून सु. ८०० किमी.चे अंतर न थांबता पार करतो आणि त्यासाठी आधी चरबीच्या रूपाने आपले वजन जवळजवळ दुप्पट करतो. शिंजिराच्या अंगी असे टोकाचे सामर्थ्य नाही. परंतु अंडी, पिल्ले व आहार यांबाबतीत त्याचे जीवन गुंजन पक्ष्याच्या जीवनाशी इतके मिळतेजुळते आहे, की भारतीय वाचकाने कासवाशी तुलना करण्यासाठी तोच घेणे सोयीचे ठरते.

कासव व पक्षी यांचे नाते वाटते तितके दूरचे नाही. कासवे ही सरीसृपांतील फार जुनी व वेगळी शाखा असल्याचे पूर्वी मानले जाई. २०१२ पासून प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांवरून मात्र ती सरडे व सर्प यांच्यापेक्षा मगरी व पक्षी यांना अधिक जवळची असल्याचे दिसून आले आहे. या दोन शाखा सु. २५ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असाव्यात.

शरीर व ऊर्जा : पूर्ण वाढ झालेल्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या पृष्ठवर्माची (पाठीवरील ढालीची) लांबी ६०–७० सेंमी. व वजन ३५–५० किग्रॅ. असते. पृष्ठवर्म हृदयाकृती व करडसर हिरवे असून त्याच्या दोन्ही कडांलगतच्या पट्टांची संख्या इतर सागरी कासवांहून अधिक, बहुधा सहा ते आठ जोड्या, असते. पाय वल्ह्यांसारखे असून ते कवचात ओढून घेता येत नाहीत. खेकडे, कोळंबी, मृदुकाय प्राणी व जेलीफिश हा त्याचा आहार होय. त्यासाठी ते दीडशे मी.हून अधिक खोल बुडी मारू शकते. तथापि श्वसन फुप्फुसांनी होत असल्यामुळे त्याला वारंवार पृष्ठभागावर यावे लागते. या गोष्टीचे महत्त्व पुढे जाळ्यांच्या संदर्भात दिसून येईल.

शिंजिराची लांबी सु. १० सेंमी. व वजन ५ ते १० ग्रॅ. असते. विणीच्या हंगामात नर दुरून काळा दिसतो, पण उन्हात त्याच्या अंगावर निळी-जांभळी झळाळी चमकते. हंगाम संपल्यावर तो बराचसा मादीसारखा फिका होतो व गळ्यापासून पोटापर्यंतचा एक गडद पट्टाच काय तो शिल्लक राहतो. मादी वरून तपकिरी व खालून पिवळसर असते. मढच्या परिसरात जांभळ्या पुठ्ठ्याचा शिंजीर ही दुसरी जातीही सर्रास दिसते. पुढील वर्णन बहुतांशी तिलाही लागू पडते.

एका कासवाच्या वजनात सु. ५,००० शिंजीर मावतील. परंतु दोघांच्या अन्नाच्या गरजेतील अंतर या प्रमाणात नाही. कासव अनियततापी (ज्याच्या शरीराचे तापमान परिसराप्रमाणे बदलते असे) असून शरीर उबदार ठेवण्यासाठी त्याला अन्न खर्ची घालावे लागत नाही. तेवढ्याच वजनाच्या पक्ष्याला किंवा सस्तन प्राण्याला जितके अन्न लागते, त्याच्या सु. एक-दशांश किंवा त्याहूनही कमी अन्नावर सरीसृपाचे भागते. शिंजीर नियततापी असून त्याला आपले तापमान ४०° से.च्या आसपास टिकवावे लागते. शरीर जितके लहान तितके त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभागाचे क्षेत्रफळ अधिक आणि उष्णतेची गळतीही अधिक. त्यामुळे हा पक्षी पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत फुलांमागे हिंडत असतो. कासव कित्येक दिवस उपाशी राहू शकते. शिंजिराला एक दिवसाचा उपासही प्राणघातक ठरू शकतो.

मीठ आणि पाणी यांच्या बाबतीतही दोघांपुढील अडचणी नेमक्या उलट आहेत. कासवाच्या अन्नात व पिण्यात क्षार फार असून त्याची मूत्रपिंडे तेवढा क्षार बाहेर टाकू शकत नाहीत. ते काम डोळ्यांजवळील ग्रंथी करतात व त्यांतून दाट खारट स्राव गळतो. अंडी घालताना कासवी रडते असा जो समज किनाऱ्यावर आहे, त्याचे मूळ या स्रावात आहे. शिंजिराचे अन्न म्हणजे प्रामुख्याने साखरेचे पातळ पाणी. आवश्यक ऊर्जा मिळविण्यासाठी त्याला गरजेपेक्षा पुष्कळ अधिक पाणी गिळावे लागते व क्षार मात्र जपून ठेवावे लागतात. याच प्रजातीतील पॅलेस्टाइन शिंजिरावर केलेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले, की मकरंद पातळ असेल तेव्हा हा पक्षी पाण्याचा बराच भाग आतड्यातून शोषून न घेता तसाच बाहेर जाऊ देतो. त्यामुळे मूत्रपिंडांवरील भार कमी होतो.

अंडी व पिल्ले : महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेच्या माद्या मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूवर येतात. ओडिशातील गहिरमाथा व ऋषिकुल्या येथे हजारो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर येतात, तसा प्रकार येथे नाही. एकेकटी मादी येते. भरतीच्या रेषेपलीकडील कोरड्या वाळूत ती मागील पायांनी सु. अर्धा मी. खोल, सुरईच्या आकाराचा खळगा करते, त्यात सु. १०० ते १२० अंडी घालते, वाळू लोटून शरीराच्या भाराने ती दाबते आणि तासाभरात समुद्रात परतते. त्यानंतर अंड्यांशी तिचा संबंध उरत नाही. वाळूच्या उष्णतेने ४५ ते ६० दिवसांत अंडी फुटतात.

शिंजिराची वीण मुख्यतः जानेवारी ते जून या काळात होते. मादी गवताचे धागे, सालींचे कपटे, सुरवंटांची विष्ठा व कोळ्याचे जाळे यांपासून लोंबती, लांबट पिशवी विणते. एका बाजूस वरच्या भागात दार असून त्यावर लहानसे छप्पर असते व आत सावरीच्या कापसासारखे मऊ अस्तर असते. हे घरटे बारीक फांदीला, व्हरांड्यातील वेलीला, कधी कधी घरातल्या तारेलाही टांगलेले असते. दुरून ते वाऱ्याने अडकलेल्या कचऱ्यासारखे दिसते आणि हेच त्याचे संरक्षण होय. मादी बहुधा दोन अंडी घालते व ती एकटीच सु. १५ दिवस उबवते. पिल्लांना भरवण्याच्या कामात मात्र नरही भाग घेतो. मकरंदात प्रथिने जवळजवळ नसल्यामुळे पिल्लांना कोळी व लहान कीटक भरवावे लागतात.

शंभर अंडी आणि दोन अंडी हे आकडे शेजारी ठेवले असता कासव अपत्यांवर अधिक खर्च करते असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात स्थिती उलट आहे. कासवाच्या एका अंड्याचे वजन सु. ३५ ग्रॅ. धरल्यास ११० अंड्यांचे वजन ४ किग्रॅ.च्या जवळपास, म्हणजे मादीच्या वजनाच्या सु. एक-दशांश होते. शिंजिराचे अंडे सु. १६ मिमी. लांब असते. आकारमानावरून त्याचे वजन सव्वा ग्रॅ.च्या आसपास येते. सात-आठ ग्रॅ. वजनाच्या मादीच्या दृष्टीने दोन अंड्यांचा भार तिच्या वजनाच्या एक-चतुर्थांशाहूनही अधिक होतो. शिवाय घरटे विणणे, पंधरा दिवस उबवणे आणि त्यानंतर पिल्ले उडेपर्यंत त्यांना दिवसभर भरवणे हा खर्च वेगळाच. कासवाची मादी एका हंगामात दोन-तीन वेळा अंडी घालू शकते हे जमेस धरले, तरी तुलनेचा निष्कर्ष बदलत नाही. कासवाने आपली गुंतवणूक अनेक लहान भागांत वाटली असून शिंजिराने ती दोन भागांत केंद्रित केली आहे, एवढाच याचा अर्थ.

लिंगनिश्चितीच्या पद्धतीतही भेद आहे. शिंजिराच्या पिल्लाचे लिंग इतर पक्ष्यांप्रमाणेच मादीकडून येणाऱ्या गुणसूत्रावर (आनुवंशिक लक्षणे वाहून नेणाऱ्या सूत्रासारख्या घटकावर) अवलंबून असून ते अंडे घालण्यापूर्वीच ठरलेले असते. कासवात ते उबवणीच्या मधल्या काळातील वाळूच्या तापमानावर ठरते. सु. २९°–३०° से. तापमानास नर व माद्या साधारण सारख्या प्रमाणात निपजतात. वाळू याहून तापल्यास माद्यांचे आणि थंड राहिल्यास नरांचे प्रमाण वाढते. वातावरणाच्या तापमानवाढीमुळे बहुतेक पिल्ले माद्याच होण्याचा धोका आहे. म्हणूनच अंडी हलवून कुंपणात पुरताना सावली, खोली व ओलावा यांकडे लक्ष द्यावे लागते.

मृत्यूचे प्रमाण : वाळूतून बाहेर पडलेले पिल्लू रात्रीच्या वेळी सर्वांत उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे धाव घेते. निर्जन किनाऱ्यावर ही दिशा समुद्राची असते. विश्रामगृहांच्या व रस्त्यांच्या दिव्यांमुळे ती जमिनीकडची होऊ शकते. खेकडे, कुत्रे, कावळे, घारी आणि पुढे मोठे मासे यांच्या तावडीतून सुटून प्रौढ होणारे पिल्लू हजारांत एखादेच, असा सर्वसाधारण अंदाज आहे. प्रौढत्व येण्यास १० ते १८ वर्षे लागतात. याउलट एकदा पूर्ण वाढ झाली, की शार्कसारखे मोजके शत्रू सोडल्यास निसर्गात त्याला भय थोडे. ते कित्येक हंगाम अंडी घालत राहते. शिंजिराचे आयुष्य काही वर्षांचेच असते. परंतु तो साधारणतः एका वर्षात प्रजननक्षम होतो आणि घरटे नष्ट झाल्यास त्याच हंगामात दुसरे विणतो.

या भेदावरून संरक्षणाची दिशाही बदलते. मात्र ही गोष्ट बराच काळ लक्षात आली नव्हती. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील लॉगरहेड कासवांच्या संख्येचे क्राउझ, क्राउडर व कॅसवेल यांनी केलेले गणिती विश्लेषण १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून असे दिसून आले, की किनाऱ्यावरील प्रत्येक अंडे वाचविले, तरी केवळ तेवढ्याने घटती संख्या सावरत नाही. समुद्रातील मोठ्या, प्रौढत्वाकडे झुकलेल्या कासवांचे मृत्यू कमी केल्यास मात्र ती सावरते. कारण उघड आहे. शंभर अंड्यांची हानी निसर्गाने हिशोबात धरलेली आहे; वीस वर्षांच्या मादीची हानी धरलेली नाही. जाळ्यात मेलेली एक मादी म्हणजे पुढील अनेक हंगामांतील सर्व अंडी होत.

महाराष्ट्रातील संरक्षणकार्याची सुरुवात साहजिकच किनाऱ्यावरून झाली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे ग्रामस्थांच्या मदतीने अंड्यांचे रक्षण सुरू केले व २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. अंडी चोरून खाण्याची व विकण्याची पद्धत त्यामुळे बंद पडली, आणि ही कामगिरी लहान नव्हे. मुंबईत वेसाव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर २०१५ पासून स्वच्छतेची मोहीम चालली होती. २२ मार्च २०१८ रोजी तेथे या कासवाची सु. ८० पिल्ले समुद्राकडे जाताना आढळली. मढच्या किल्ल्यावरून दिसणाऱ्या या किनाऱ्यावर अनेक वर्षांत अशी नोंद नव्हती.

परंतु वरील विश्लेषण मान्य केल्यास प्रश्नाचा अधिक मोठा भाग पाण्यात आहे आणि त्याचा संबंध मढसारख्या कोळीवाड्यांशी येतो. डोल हे नरसाळ्याच्या आकाराचे लांब जाळे खुंटांना किंवा नांगरांना बांधलेले असून भरती-ओहोटीच्या प्रवाहाने त्याचे तोंड उघडे राहते व मासळी मागील निमुळत्या खोळीत साठते. यांत्रिक नौकांनी ओढले जाणारे ट्रॉल जाळेही पिशवीसारखेच असते. अशा जाळ्यात शिरलेल्या कासवाला पृष्ठभागावर येता न आल्यास ते बुडून मरते. ट्रॉल जाळ्याच्या नळीत तिरप्या सळ्यांची चौकट बसवून कासवाला वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर काढणारी योजना उपलब्ध आहे. कोळंबी सळ्यांच्या फटींतून मागे जाते व कासव बाहेर पडते. काही मासळीही सुटते म्हणून मच्छीमार ही चौकट वापरण्यास नाखूश असतात आणि त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नाही. अमेरिकेने २०१९ मध्ये भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात थांबविली, ती या चौकटीच्या अभावामुळेच. डोल जाळ्यास अशी चौकट लागू पडत नाही. तेथे जाळे वेळेवर उपसणे आणि गरज पडल्यास कापणे एवढाच उपाय आहे. जाळे कापणे म्हणजे गरीब कुटुंबाचे भांडवल कापणे होय. हे ध्यानात घेऊन महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये, संरक्षित सागरी प्राणी सोडविण्यासाठी कापलेल्या जाळ्याबद्दल कमाल २५,००० रु. भरपाई देण्याची योजना सुरू केली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाचा समावेश असल्यामुळे ते मारणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे.

जाळ्यातून निघालेले निश्चेष्ट कासव पुष्कळदा मेलेले नसते. ते लगेच पाण्यात टाकल्यास मात्र बुडते. त्याला पोटावर ठेवून मागचा भाग वीतभर उंच केल्यास फुप्फुसांतील पाणी निघून जाते. अंग ओले व सावलीत ठेवल्यास काही तासांनी, कधी कधी दिवसभराने, ते शुद्धीवर येते. मग नौका थांबवून, जाळी पाण्यात नसताना, त्याला अलगद सोडावयाचे असते.

कासवांचा वावर किती दूरवर असतो हे अलीकडे समजू लागले आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळास व आंजर्ले येथे प्रथमा व सावनी अशी नावे दिलेल्या दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारी यंत्रे बसविण्यात आली व त्यानंतर गुहागर येथे आणखी काही माद्यांवर ती बसविली गेली. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली बागेश्री ही मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. याउलट २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेची पट्टी बसविलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागर येथे अंडी घालताना आढळली. म्हणजे पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे सर्वस्वी वेगळी मानता येत नाहीत, आणि मढच्या जाळ्यात सापडलेली मादी ओडिशाचीही असू शकते.

शिंजिराला असा पल्ला नाही. फुलोऱ्याच्या मागे होणारी थोडी हालचाल वगळता तो आपल्या परिसरातच राहतो. एखादे घरटे पडल्याने त्याच्या संख्येत फरक पडत नाही. वर्षभर क्रमाने फुलणारी झाडे तुटल्यास मात्र पडतो. वाडीची जागा इमारतीने घेतली आणि तिच्याभोवती केवळ शोभेची, मकरंदहीन झाडे लावली, तर तो दिसेनासा होतो. शेवगा, पांगारा व जास्वंद राहिल्यास इमारतीच्या गच्चीतही घरटे करतो. बांडगुळाचे फूल तो चोचीने दाबून उघडतो व त्याचे परागण घडवून आणतो. आंब्याच्या मालकाच्या दृष्टीने हा उपकार नव्हे.

वेसाव्याहून २०१८ मध्ये समुद्रात गेलेल्या पिल्लांपैकी एखादी मादी जगली असल्यास ती २०२८ ते २०३६ या दरम्यान केव्हातरी प्रथम अंडी घालावयास किनाऱ्यावर येईल. तोपर्यंत मढच्या वाड्यांतील शिंजिरांच्या दहा ते अठरा पिढ्या होऊन गेलेल्या असतील. सागरी कासवांच्या माद्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधारे आपल्या जन्मप्रदेशाकडे परततात असे मानले जाते. मात्र परतणाऱ्या मादीला उधाणाच्या रेषेपलीकडे खणण्याजोगी मोकळी वाळू मिळावी लागते; तेथे धूप थांबविण्यासाठी बांधलेली भिंत असल्यास ती अंडी न घालताच मागे वळते.